स्टीमिटवरचा आकडा म्हणजे लेखकाची पत नव्हे

विकेंद्रित समाजमाध्यमांवर कंपनीचा हस्तक्षेप नसतो, म्हणून तिथल्या लेखकाच्या नावापुढचा प्रतिष्ठेचा आकडा हा लोकांनी दिलेला निखळ कौल असतो, असं अनेक वर्षं सांगितलं जातंय. ते खरं नाही.

२०१६ साली सुरू झालेलं स्टीमिट घ्या. हे लेखनाचं व्यासपीठ; वाचकांच्या मतांनुसार लेखकाला इथे टोकनमध्ये मोबदला मिळतो. तिथे नवं खातं २५ या आकड्यापासून सुरू होतं आणि मतं मिळतील तसं वर चढतं. पण प्रत्येक मताचं वजन सारखं नसतं. ज्याने स्टीम टोकन (तिथलं डिजिटल चलन) जास्त गुंतवून ठेवलेत, त्याचं मत जड. एका धनाढ्य खात्याचं मत शेकडो सामान्य वाचकांना मागे टाकतं. त्यात मतं चक्क विकत मिळू लागली: बॉटला, म्हणजे आपोआप मतं देणाऱ्या खात्याला, टोकन पाठवायचे, लेखाची लिंक द्यायची, की मत पडलं. त्या मताने मोबदला तर वाढायचाच, शिवाय प्रतिष्ठेचा आकडाही. लेख कुणी वाचलाय की नाही, याची नोंद त्यात कुठेच नाही. मन लावून लिहिणाऱ्यांवर हा सरळ अन्याय होता.

२०१९ मध्ये नियम बदलले, मोबदला कमी करणाऱ्या नापसंतीच्या मतांना स्वतंत्र कोटा मिळाला, म्हणजे ती देताना पसंतीची मतं खर्ची पडेनात, आणि मतविक्रीला बराच चाप बसला. २०२० मध्ये स्टीमपासून वेगळं झालेल्या हाइव्ह या तशाच व्यवस्थेवर उचलेगिरी शोधणारे सदस्य नापसंतीची मतं देऊन चोरलेल्या लेखांचा मोबदला काढून घेतात.

म्हणून आकड्याआधी लेखाखालचा संवाद वाचा. प्रश्नांना लेखक स्वतः, मुद्द्याला धरून उत्तरं देतो का, ते तिथे दिसतं.