डीएच आणि पिंच हिटर: कूपर्सटाउनच्या दारातली गल्लत

बेसबॉल नव्याने बघायला लागलेल्या माणसाला दोन खेळाडू हटकून सारखेच वाटतात: डेझिग्नेटेड हिटर, ज्याला सगळे डीएच म्हणतात, आणि पिंच हिटर. दोघांचं काम बॅटचं. फिल्डिंगची पाळी आली की दोघेही बहुधा डगआउटमध्ये. (क्रिकेटमधला पिंच हिटर निराळा, तो इथे नको.) प्रेक्षकाची गल्लत झाली तर कोणाचं काही बिघडत नाही. पण न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या सन्मानदालनात, कोणाला घ्यायचं हे ठरवणाऱ्या पत्रकारांनीही डीएचला कित्येक वर्षं पिंच हिटरच्याच मापाने मोजलं, असं मला वाटतं.

आधी पिंच हिटर. एखाद्याची बॅटिंगची पाळी आली की मॅनेजर त्याच्याऐवजी बेंचवरचा दुसरा खेळाडू पाठवतो. ज्याच्याऐवजी पाठवला, तो त्या सामन्यातून बाहेर. परत येणं नाही. आलेल्याचं कामही बहुतेकदा त्या एका पाळीत आटोपतं.

१९८८च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेचा, पहिला सामना घ्या. लॉस एंजेलिस डॉजर्स ४-३ने मागे, नववी म्हणजे शेवटची इनिंग, दोन आउट, एक जण बेसवर, आणि पाळी कोणाची तर पिचरची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याची. त्याच्याऐवजी कर्क गिब्सन लंगडत आला. त्याचे दोन्ही पाय दुखावलेले होते. समोर ओकलंडचा पिचर डेनिस एकर्स्ली. तीन बॉल, दोन स्ट्राइक झाल्यावर गिब्सनने पायांचा जोर नसताना नुसत्या हातांनी चेंडू उजव्या बाजूच्या प्रेक्षकांत भिरकावला आणि सामना संपला. त्या अख्ख्या सिरीजमध्ये तो पुन्हा बॅटिंगला आलाच नाही. एकर्स्ली आज हॉल ऑफ फेममध्ये आहे, गिब्सन नाही. एका फटक्यावर तिथे जागा मिळत नाही, आणि मिळूही नये. पिंच हिटर म्हणून सर्वाधिक हिट्स (बेस मिळवून देणारे फटके) लेनी हॅरिसच्या नावावर आहेत, १८ हंगामांत २१२. त्याच्यासाठी कोणी भांडत नाही.

डीएचचं तसं नाही. पिचरांची बॅटिंग म्हणजे बहुतेकदा फुकटचा आउट, म्हणून दोन मोठ्या लीगांपैकी अमेरिकन लीगने १९७३मध्ये हा नियम आणला. ६ एप्रिलला बॉस्टनच्या फेनवे पार्कवर यांकीजचा रॉन ब्लूमबर्ग पहिला डीएच म्हणून उतरला आणि बेस भरलेले असताना वॉक (पिचरच्या चार चुकीच्या चेंडूंमुळे फुकट मिळणारा बेस) मिळवून मोकळा झाला! नॅशनल लीगने मात्र हट्ट सोडला नाही. २०२०चा करोनातला छोटा हंगाम वगळला तर तिथे डीएच यायला २०२२ उजाडलं.

डीएचचं नाव सामना सुरू होण्याआधीच क्रमात लिहिलेलं असतं. पिचरच्या वाट्याच्या सगळ्या पाळ्या तो खेळतो, आणि त्याच्यामुळे पिचरला बाहेर जावं लागत नाही. आयपीएलचा इम्पॅक्ट प्लेयर आठवला असेल, पण तो आला की बॅटिंग, बोलिंग, फिल्डिंग काहीही करू शकतो. डीएचला फिल्डिंगला उतरवलं की संघाची ती सोय उरलेल्या सामन्यापुरती गेली. गंमत म्हणजे डीएचच्या जागीही पिंच हिटर पाठवता येतो, आणि मग तोच नवा डीएच होतो. गल्लत होते ती इथेच.

आता आकडे बघा. १९९५मध्ये सिअ‍ॅटल मरिनर्सचा एडगर मार्टिनेझ ६३९ वेळा बॅटिंगला आला आणि १८२ हिट्स घेऊन .३५६च्या सरासरीने (तीत वॉकसारख्या पाळ्या धरत नाहीत) लीगमध्ये पहिला आला. हॅरिसने अख्ख्या कारकिर्दीत पिंच हिटर म्हणून जितक्या हिट्स घेतल्या, त्याच्या जवळपास मार्टिनेझ एका हंगामात पोचला. तरीही २०१०मध्ये त्याचं नाव पहिल्यांदा मतपत्रिकेवर आलं तेव्हा त्याला ३६.२ टक्के मतं पडली. निवडीसाठी लागतात ७५. २०१४मध्ये तर तो २५.२ टक्क्यांवर घसरला. म्हणणं एकच: हा अर्धाच खेळ खेळला. शेवटी २०१९मध्ये, दहाव्या आणि अखेरच्या संधीला, ८५.४ टक्के मतांनी तो आत गेला.

त्याच वर्षी यांकीजचा मारियानो रिवेरा आत गेला, तोही एकमताने. याआधी तसं कोणाचंच झालं नव्हतं. रिवेरा क्लोजर, म्हणजे आघाडी टिकवायला बहुधा शेवटच्या एका इनिंगपुरता येणारा पिचर. कारकिर्दभर तो पाच हजारांच्या आसपास बॅटर्सना सामोरा गेला. मार्टिनेझ साडेआठ हजारांहून जास्त वेळा बॅटिंगला आला. हे दोघे समोरासमोर आले तेव्हा लीगच्या सामन्यांत मार्टिनेझने १९पैकी ११ हिट्स काढल्या. बरं, रिवेराने तरी बॅट कितीदा धरली? १९७३नंतरच्या अमेरिकन लीगमधले पिचर सहसा बॅटिंग करत नव्हते, पण त्यांना अर्धे खेळाडू म्हणून कोणी मतं नाकारली नाहीत. हा मुद्दा एवढा उघड असून दहा वर्षं लोकांना दिसला कसा नाही, मला कळत नाही.

२००४च्या वर्ल्ड सिरीजमध्ये तर हे नाटक मैदानावरच घडलं. सामना नॅशनल लीगच्या सेंट लुइसला, म्हणजे तेव्हा डीएच नाही. त्यामुळे बॉस्टनचा डीएच डेव्हिड ऑर्टिझ फर्स्ट बेसवर फिल्डिंगला उभा, आणि सेंट लुइसचा पिचर जेफ सुपान बॅटिंग करून थर्ड बेसपर्यंत पोचलेला. पुढच्या फटक्यावर सुपान धावू की नको करत मध्येच घुटमळला. फर्स्ट बेसवरचा आउट होताच ऑर्टिझने थर्डला अचूक थ्रो केला आणि सुपानही आउट. ऑर्टिझ पुढे २०२२मध्ये पहिल्याच वर्षी निवडून आला.

विरोधकांचं एक म्हणणं मात्र मला पटतं. डीएचने बॅटने जास्त दिलं पाहिजे, कारण हातमोज्याने तो काहीच देत नाही. खेळाडूचं एकूण मोल काढणाऱ्या वॉर या मापात डीएचच्या खात्यातून पूर्ण हंगामामागे साधारण १५ धावा वजाच करतात. तेवढं कापूनही मार्टिनेझ ६८च्या आसपास राहतो, रिवेरा ५६च्या. हॅरल्ड बेन्स मात्र या कसोटीला उतरत नाही. त्याच्या हिट्स २८६६, पण वॉर ३९च्या घरात. पत्रकारांच्या मतदानात तो ६.१ टक्क्यांच्या वर कधी गेला नाही. २०१८च्या डिसेंबरमध्ये १६ जणांच्या समितीने १२ मतांनी, म्हणजे काठावर, त्याला आत घेतलं. समितीत त्याचा जुना मॅनेजर टोनी ला रूसा आणि शिकागो व्हाइट सॉक्सचा मालक जेरी राइन्सडॉर्फ बसले होते. बेन्स डीएच होता म्हणून मी त्याला नको म्हणत नाही. डीएच म्हणून तो तेवढा मोठा नव्हता, एवढंच.

पत्रकारांची नजर आता बदललेली दिसते. कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे शोहेई ओहतानीने २०२४मध्ये लीगच्या एकाही सामन्यात पिचिंग केलं नाही, फिल्डिंगही नाही. डॉजर्सकडून तो फक्त डीएच होता. ५४ होम रन, ५९ चोरलेले (फटक्याची वाट न बघता पळून गाठलेले) बेस, आणि नॅशनल लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, तोही एकमताने. हा मान देणारी संघटना तीच, जिने मार्टिनेझला दहा वर्षं ताटकळत ठेवलं होतं.