सतरा वर्षं, जी मोजलीच गेली नाहीत

हंगेरीच्या सर्वोच्च न्यायालयाचे अध्यक्ष आंद्राश बाका यांना कुणी बडतर्फ केलं नाही. न्यायालयाचंच नाव बदलून 'कुरिया' केलं. नाव नवं म्हणून अध्यक्षही नवा, आणि त्यासाठी अटही नवी : उमेदवाराने हंगेरीत किमान पाच वर्षं न्यायाधीश म्हणून काम केलेलं असावं. बाका १७ वर्षं न्यायाधीश होते, पण स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात. ती वर्षं धरलीच नाहीत. त्यांची सहा वर्षांची मुदत साडेतीन वर्षं आधीच, १ जानेवारी २०१२ रोजी संपली.

ही अट एकटी वाचली तर खटकत नाही. देशाच्या सर्वोच्च न्यायाधीशाला देशातल्या कोर्टांचा अनुभव हवा, हे कुणालाही पटेल. पण नोव्हेंबर २०११ मध्ये याच बाकांनी संसदेत उभं राहून पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान यांच्या सरकारच्या न्यायालयीन बदलांवर टीका केली होती. हे कळलं की तेच कलम वेगळं दिसू लागतं.

अमेरिकी अभ्यासक किम लेन शेपेली यांनी हंगेरीचा बारकाईने अभ्यास केला. निवडून आलेलं सरकार कायद्याच्याच हाताने लोकशाही पोखरतं, या प्रकाराला त्या 'ऑटोक्रॅटिक लीगॅलिझम' म्हणतात. त्यांचं निरीक्षण असं, की यातला एकेक नियम कुठल्या ना कुठल्या चांगल्या लोकशाहीत सापडतो. सगळे एकत्र जोडले की भलतंच काही उभं राहतं. म्हणून एकेक कलम तपासणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

सुरुवात झाली २०१० च्या निवडणुकीपासून. व्हिक्टर ओर्बान यांच्या फिदेस आघाडीला सुमारे ५३ टक्के मतं आणि ३८६ पैकी २६३ जागा मिळाल्या, म्हणजे दोन तृतीयांशाहून जास्त. नव्या घटनेच्या मसुद्याचे नियम ठरवायला संसदेत चार पंचमांश मतं लागत. पण ही अट घालणारं कलम मात्र दोन तृतीयांश मतांनी काढून टाकता येत होतं! ते काढलं गेलं. एप्रिल २०११ मध्ये नवी राज्यघटना मंजूर झाली. न्यायाधीशांचं निवृत्तीचं वय ७० वरून ६२ वर आणलं आणि अनेक ज्येष्ठ न्यायाधीश एकदम घरी गेले. कायदे घटनेला धरून आहेत का हे तपासणाऱ्या वेगळ्या घटना न्यायालयातले न्यायाधीश ११ चे १५ झाले, आणि त्यांची नावं सुचवणाऱ्या समितीत सत्ताधाऱ्यांचं बहुमत आलं.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं ते मतांचं गणित. हंगेरीत काही जागा मतदारसंघांतून भरतात, तर काही पक्षांच्या याद्यांना, त्यांच्या खात्यातल्या मतांच्या प्रमाणात मिळतात. समजा, एका मतदारसंघात विजेत्याला २०,००० आणि दुसऱ्याला १५,००० मतं पडली. जिंकायला १५,००१ पुरेशी होती. उरलेली ४,९९९ मतं नव्या कायद्याने विजेत्याच्याच पक्षाच्या यादीत जमा होऊ लागली. एकीकडे हरलेल्यांची मतं त्यांच्या यादीत धरण्याची जुनी सोय राहिली, दुसरीकडे जिंकलेल्यालाही वर भरपाई. मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखल्या, मतदानाची दुसरी फेरीही रद्द झाली. २०१४ मध्ये फिदेसची मतं ४५ टक्क्यांच्या आसपास घसरली, तरी १९९ पैकी १३३ जागा आल्या. दोन तृतीयांशासाठी नेमक्या तेवढ्याच लागत होत्या.

घटनादुरुस्तीचा आशय घटना न्यायालयाने तपासायचा नाही, फक्त प्रक्रिया पाहायची, हे २०१३ च्या चौथ्या दुरुस्तीने पक्कं केलं. आपल्याकडे १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने तर घटनादुरुस्त्यांना न्यायालयात आव्हान देण्याचीच दारं बंद केली होती. ती तरतूद सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात रद्द केली, कारण १९७३ पासून 'मूलभूत चौकटी'चा, म्हणजे घटनेचा गाभा दुरुस्तीनेही बदलता येत नाही या तत्त्वाचा, आधार हाताशी होता. हंगेरीच्या न्यायाधीशांकडे असा आधार नव्हता.

निवृत्तीच्या वयाचा नियम युरोपीय संघाच्या न्यायालयाने नोव्हेंबर २०१२ मध्ये भेदभावाचा ठरवला. तोवर बऱ्याच वरिष्ठ पदांवर नव्या नेमणुका होऊन गेल्या होत्या. बाकाही स्ट्रासबुर्गला लढले आणि जिंकले. मत मांडल्याबद्दल त्यांना हटवलं, हे मान्य झालं. अंतिम निकाल २३ जून २०१६ चा. त्यांची मूळ मुदत जून २०१५ मध्येच संपली असती.