जुन्या गोव्यातलं ‘म्युझियम’ म्हणजे नक्की कोणतं?

आम्ही जुन्या गोव्यातल्या मठांतली संग्रहालयं फिरून दाखवतो, आणि दर आठवड्याला आमचा निदान एक तरी पाहुणा चुकीच्या दारात उभा असतो. फोन येतो, “अहो, आम्ही म्युझियमपाशी येऊन थांबलोय, तुमचा माणूस कुठे आहे?” आमचा माणूसही म्युझियमपाशीच उभा असतो, पण दुसऱ्या. मग गाडी वळवा, पुन्हा पार्किंग शोधा, आजी-आजोबांना भर उन्हात चढण चढवा. यात अर्धा तास जातो आणि आधीच आलेली माणसं ताटकळतात. म्हणून निघण्यापूर्वी हा कागद एकदा वाचाच.

जुन्या गोव्यात पूर्वीच्या मठांत भरलेली दोन संग्रहालयं आहेत. पहिलं पुरातत्त्व खात्याचं. ते से कॅथेड्रलला लागून असलेल्या सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या मठात आहे आणि शुक्रवारी बंद असतं. दुसरं ख्रिस्ती कलेचं, ते सांता मोनिकाच्या मठात. त्यासाठी रस्त्याच्या पलीकडे, बॉम जेझूस बासिलिकेच्या बाजूने टेकडीवर जावं लागतं. रिक्षावाल्याला किंवा ड्रायव्हरला नुसतं ‘म्युझियम’ सांगितलंत की तो बहुतेक वेळा पहिल्याच ठिकाणी सोडतो. त्याची चूक नाही, जुनं आणि सगळ्यांच्या ओळखीचं तेच आहे. तुम्ही ‘फ्रान्सिस’ किंवा ‘मोनिका’ एवढं नाव घ्या, की काम झालं.

“पोर्तुगीज गेल्यावर सरकारने मठ ताब्यात घेतले का हो?” हा प्रश्न तर रोजचाच. मठ त्याच्या कितीतरी आधी रिकामे झाले होते, आणि तेही पोर्तुगालच्याच हुकमाने. 1834 मध्ये पोर्तुगालने धार्मिक संघ बरखास्त केले आणि 1835 मध्ये गोव्यातल्या साधूंना मठ सोडावे लागले. सांता मोनिकातल्या जोगिणींना, म्हणजे ख्रिस्ती नन्सना, हयातभर राहू दिलं, पण नवी मुलगी घेण्याची परवानगी राहिली नाही. तिथली शेवटची जोगीण 1885 मध्ये वारली. 1606 ते 1627 अशी एकवीस वर्षं खपून बांधलेला, 1636 च्या आगीनंतर पुन्हा उभारलेला एवढा मोठा वाडा, आणि त्यात शेवटी ती एकटी. तिथे उभं राहून हे सांगताना आजही माझा आवाज जड होतो.

रिकाम्या वास्तूचं काय होतं ते समोरच दिसतं. सांता मोनिकाच्या दारातून सेंट ऑगस्टीनचा उरलेला मनोरा पाहा. साधू गेल्यावर काही वर्षांतच, 1842 मध्ये, त्या चर्चचं छत कोसळलं. चिऱ्याच्या भिंतीला पावसाळ्यात माणसाचा हात लागतो, डागडुजी लागते. त्यामुळे ‘देवाच्या जागेत प्रदर्शन कशाला?’ असं कोणी म्हटलं की मी त्या मनोऱ्याकडे बोट दाखवतो. फ्रान्सिसच्या मठात 1964 मध्ये संग्रहालय आलं. ख्रिस्ती कलेचा संग्रह 1994 मध्ये राशोलच्या सेमिनरीत सुरू झाला आणि 2002 मध्ये सांता मोनिकात हलवला.

दोन्ही ठिकाणं एकाच फेरीत का दाखवत नाही, अशी तक्रार असते. कारण सांगतो. फ्रान्सिसच्या मठात वरच्या मजल्यावर पोर्तुगीज गव्हर्नरांची आणि व्हाइसरॉयांची चित्रं ओळीने लावली आहेत. धावतपळत पाहिली तर सगळे दाढीवाले सारखेच दिसतात. ही मालिका 1547 मध्ये तेव्हाचा पोर्तुगीज गव्हर्नर जुआंव द कास्त्रो याने सुरू केली. देखरेख गास्पार कोर्रेया या बखरकाराची होती आणि रंगवणारा होता इथलाच एक चित्रकार. त्याचं नाव कुठे नोंदलेलं नाही. नंतरच्या काळात चित्रांवर पुन्हा पुन्हा रंग चढले. आम्ही एका चित्रापुढे दहा मिनिटं थांबतो, खालचं नाव आणि कुलचिन्ह वाचतो, मग बाकीची चित्रं आपोआप बोलू लागतात. खाली मंदिरांतल्या मूर्ती आहेत, वीरगळ आहेत, सतीशिळा आहेत. मराठी पाहुणे तिथे हमखास रेंगाळतात, आणि रेंगाळावंच.

सांता मोनिकात चांदीचा पेलिकन पक्षी आहे, गोलावर उभा. स्वतःची छाती फोडून तो पिलांना रक्त पाजतो, ही ख्रिस्ताची खूण. हस्तिदंती मूर्तीही नीट जवळून बघा. विषय ख्रिस्ती असला तरी चेहऱ्यात, केसांच्या वळणात आपल्याकडच्या कारागिराचा हात लपत नाही. हे सगळं पंधरा मिनिटांत उरकायचं असेल तर आमची गरज नाही, तुमचे तुम्ही खुशाल बघून या.

म्हणून एका सकाळी एकच मठ, दीड तास, आणि दहापेक्षा जास्त माणसं नाहीत. ज्यांना दोन्ही बघायचे आहेत त्यांना लागोपाठ दोन सकाळी देतो आणि दुसऱ्या दिवशीच्या आमच्या शुल्कात सवलत असते. संग्रहालयाचं तिकीट वेगळं, ते तिथेच काढायचं. ज्येष्ठांसाठी सांता मोनिकाच्या दारापर्यंत गाडी नेतो, मात्र आदल्या संध्याकाळपर्यंत कळवा. शुक्रवारी आम्ही फक्त मोनिका घेतो.

बुकिंगच्या मेसेजमध्ये तारीख, माणसं किती आणि ‘फ्रान्सिस’ की ‘मोनिका’ हे लिहा. उत्तरात आम्ही त्याच दाराचा फोटो पाठवू. तो ड्रायव्हरला दाखवा.