युवक मंडळ (बेळगाव सीमाभाग)

युवक मंडळ : बेळगाव शहर, त्याभोवतालची खेडी, खानापूर व निपाणी या मराठीभाषक पट्ट्यात गल्लीच्या किंवा गावाच्या नावाने चालणारी तरुणांची ऐच्छिक संघटना, तसेच वयात येणाऱ्या मुलांना तिच्यामार्फत सार्वजनिक कामाला लावण्याची, अंगी पुढारपण मुरवण्याची रीत. महाराष्ट्रात ‘तरुण मंडळ’ हे नाव अधिक चालते. बेळगावात ‘युवक मंडळ’ रुळले आहे. कन्नड वस्त्यांतील ‘युवक संघ’ हा त्याचा शेजारी. मंडळाच्या वर बहुधा गल्लीची पंच कमिटी असते. देवळाची व्यवस्था आणि भांडणतंटे तिच्याकडे, तर उत्सव, खेळ व धावपळ मंडळाकडे अशी ढोबळ वाटणी दिसते.

उगम : हा प्रश्न वादाचा आहे. त्याची उत्तरे तीन तऱ्हांनी दिली जातात. पहिल्या मतानुसार मंडळाचे मूळ तालमीत आहे. भांदूर गल्लीसारख्या जुन्या गल्ल्यांच्या तालमी आणि आनंदवाडीचा आखाडा ही शहरातली ठिकाणे, तर खेड्यांत येळ्ळूरचे कुस्तीचे मैदान प्रसिद्ध. तालमीत वस्तादाचा शब्द अखेरचा असतो. हौदा (कुस्तीची मातीची जागा) खणणे, माती चाळणे, नव्या पोराला बैठका घालायला लावणे ही कामे वयाने थोडा मोठा असलेला पठ्ठ्या करतो. वयाच्या पायऱ्यांनी उतरणारी ही जबाबदारी आजच्या मंडळातही दिसते, म्हणून हे मत सहज टाकून देता येत नाही.

दुसरे मत सार्वजनिक उत्सवाकडे बोट दाखवते. बेळगावात लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने १९०५ च्या सुमारास झेंडा चौकात सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला असे सांगतात. टिळकांचा या शहराशी संबंध त्यानंतरही राहिला. त्यांच्या होमरूल लीगची स्थापना एप्रिल १९१६ मध्ये बेळगावच्या प्रांतिक परिषदेच्या वेळी झाली. हुदलीचे गंगाधरराव देशपांडे (१८७१–१९६०) हे त्यांचे येथील प्रमुख सहकारी. वर्गणी, पावतीपुस्तक, कार्यकारिणी, जमाखर्चाचे वाचन ही मंडळाची सारी कागदी बाजू उत्सवातून आली, हा या मताचा भक्कम भाग होय. तालमीला पावतीपुस्तक लागत नसे.

तिसरे मत स्वयंसेवक दलांचे. काँग्रेसच्या काकीनाडा अधिवेशनाच्या वेळी, १९२३ च्या अखेरीस, डॉ. ना. सु. हर्डीकर यांनी हिंदुस्थानी सेवा दल स्थापले. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९२४ मध्ये, महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजी अध्यक्ष असलेले हे एकमेव अधिवेशन. स्वयंसेवकांची शिस्त, तुकड्या, पाळ्या यांचा मोठा प्रयोग जिल्ह्याने तेव्हा पाहिला. उमाबाई कुंदापूर यांनी स्वयंसेविकांची फळी उभी केली. पुढे १९४१ मध्ये पुण्यात राष्ट्र सेवा दल निघाले आणि समाजवादी वळणाच्या तरुणांना ते जवळचे वाटले.

तिन्ही मतांत तथ्य आहे. तरी आजच्या मंडळाची घडण पाहता अंग तालमीचे आणि वही उत्सवाची असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. सेवा दलाचा वारसा शिबिरापुरता आणि थोड्या शिकलेल्या घरांपुरता राहिला असावा. स्वामी विवेकानंद ऑक्टोबर १८९२ मध्ये बेळगावात राहून गेले. १२ जानेवारीच्या, म्हणजे त्यांच्या जयंतीच्या, कार्यक्रमांत त्या मुक्कामाचा उल्लेख हटकून होतो, पण त्याचा मंडळांच्या उगमाशी संबंध जोडणे ही नंतरची भर दिसते.

सीमाप्रश्न व मंडळे : १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन चंदगड तालुका वगळता बेळगाव जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. त्याआधी १७ जानेवारी १९५६ रोजी बेळगावात गोळीबार होऊन माणसे मारली गेली. तो दिवस हुतात्मा दिन, तर १ नोव्हेंबर काळा दिन म्हणून पाळला जातो. १९८६ मध्ये कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात पुन्हा बळी गेले. हिंडलग्याला त्यांचे स्मारक आहे. सायकल फेरी, बंद, सभा या प्रत्येक प्रसंगी माणसे जमवायची ती गल्लीगल्लीतून, आणि गल्लीत तयार असलेली एकमेव यंत्रणा मंडळाची. त्यामुळे १९५६ नंतरच्या पिढ्यांत उत्सवाचा कार्यकर्ता आणि चळवळीचा कार्यकर्ता हे बहुधा एकच असत.

या संदर्भात बॅ. नाथ पै (१९२२–१९७१) यांचे नाव आजही तरुणांपुढे ठेवले जाते. वेंगुर्ल्याला जन्मलेले नाथ पै १९४२ च्या चळवळीत बेळगावात होते. तुरुंगवास, मग इंग्लंडमध्ये बॅरिस्टरी, समाजवादी युवकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षपद आणि १९५७ पासून राजापूरची खासदारकी असा त्यांचा प्रवास. १७ जानेवारी १९७१ रोजी हुतात्मा दिनाच्या सभेत ते बेळगावला बोलले आणि दुसऱ्या दिवशी तेथेच वारले. येथल्या वक्तृत्वस्पर्धांतून हा प्रसंग इतक्या वेळा ऐकू येतो की परीक्षकांनाही तो तोंडपाठ असतो.

घडणीची रीत : मंडळात नेतृत्वाचा वर्ग भरत नाही. मूळ शब्दही वेगळा आहे. ‘नेतृत्व’ डिजिटल फलकावर असते. बोलण्यात ‘पुढं होणारा’ आणि ‘पुढं पुढं करणारा’ असे दोन प्रकार मानतात, आणि दुसऱ्याला कोणी अध्यक्ष करत नाही. पहिली पायरी दिवाळीतला किल्ला. बेळगावात गल्लीतली मुले मिळून माती, दगड, गोणपाटाचे मोठे किल्ले बांधतात व त्यांच्या स्पर्धाही होतात. माती कोणी आणायची, बुरूज कोणाचा, पाणी कोण मारणार हे ठरवताना एक पोरगा आपोआप मुकादम होतो. मोठी मंडळी त्याला हेरून ठेवतात.

दुसरी पायरी शिवजयंतीची. येथे परंपरेने वैशाख शुद्ध द्वितीयेला जयंती आणि त्यानंतर रात्रभर चित्ररथांची मिरवणूक असते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर सजीव देखावे उभे राहतात. त्यांच्या तालमी (हा शब्द येथे नाटकाच्या अर्थाने) काही आठवडे आधी देवळात किंवा शाळेच्या पडवीत सुरू होतात. शाळेत उभे राहून दोन वाक्ये न बोलणारा मुलगा चौकात हजारांपुढे बाजीप्रभूचे संवाद म्हणतो. लोकांपुढे बोलण्याची भीती मोडण्याचे याहून प्रभावी साधन या भागात क्वचितच असेल. मात्र अलीकडे मोठ्या आवाजाच्या यंत्रणेपुढे संवाद ऐकू येत नाहीत, ही तक्रार सार्वत्रिक आहे.

तिसरी पायरी वहीची. खजिनदारपद बहुधा कॉमर्सच्या विद्यार्थ्याकडे जाते. गणेशोत्सवानंतर जमाखर्च वाचून दाखवणे हा त्याच्या कसोटीचा दिवस. ‘हे दोनशे कशाचे?’ असे एखादे आजोबा विचारतात तेव्हा पावती दाखवावी लागते. चौथी पायरी परवानगीची. पोलीस ठाणे, महानगरपालिका, विजेच्या तात्पुरत्या जोडणीसाठी हेस्कॉम येथे अर्ज न्यायचा असतो. कार्यालयीन भाषा कन्नड असल्याने कन्नड लिहिता-वाचता येणाऱ्या तरुणाला मंडळात आपोआप वजन येते. मराठीसाठी झगडणाऱ्या मंडळाचा कारभार असा कन्नड जाणणाऱ्यावर अवलंबून राहतो. यात कोणाला विसंगती वाटत नाही, आणि तसे वाटण्याचे कारणही नाही. विसर्जन मिरवणुकीत, नरगुंदकर भावे चौकापासून कपिलेश्वर तलावापर्यंत, गाड्याची गती आणि पोरांची डोकी दोन्ही ताब्यात ठेवणे ही शेवटची परीक्षा.

ध्येये : खेड्यांतल्या तरुणांचे जुने ध्येय सैन्यभरती. मराठा लाइट इन्फंट्रीचे प्रशिक्षण केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. रेजिमेंटची परंपरा १७६८ पर्यंत मागे जाते व ‘कर्तव्य, मान, साहस’ हे तिचे ब्रीद. पहाटे रस्त्याकडेने धावणारे गट पुष्कळदा मंडळाचेच असतात आणि सुट्टीवर आलेला जवान त्यांचा वस्ताद. स्पर्धा परीक्षांकडे कल नंतर वळला. मराठीत शिकलेल्याला कर्नाटकाच्या परीक्षेत कन्नडची आणि महाराष्ट्राच्या परीक्षेत अंतराची अडचण. त्यामुळे अभ्यासिका, मार्गदर्शन शिबिरे व सामान्यज्ञान स्पर्धा भरवण्याकडे मंडळे वळली. निपाणी भागात तरुणांना ओढणारा विषय वेगळा, तंबाखूचा होता. १९८१ मध्ये तंबाखू उत्पादकांनी महामार्ग अडवून केलेले आंदोलन तेथील अनेकांची सार्वजनिक कामाची पहिली शाळा ठरले.

वाङ्मयीन शाखा : उचगाव, कडोली, येळ्ळूर, बेळगुंदी, कुद्रेमनी, सांबरा आदी गावांत दरवर्षी मराठी साहित्य संमेलने भरतात. ग्रंथदिंडी, पाहुण्यांना आणणे, जेवणावळ, सूत्रसंचालन ही कामे गावातली तरुण मुले-मुली करतात. बेळगाव शहरात अखिल भारतीय संमेलने १९२९, १९४६ व २००० मध्ये झाली. १९४६ च्या संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला होता.

स्त्रिया : मंडळाच्या कार्यकारिणीत मुली अपवादाने आढळतात. गल्लीतील महिला मंडळ वेगळे असते व त्याचे काम हळदीकुंकू, भजन, बचत गट यांकडे झुकलेले. झांज व ढोल पथकांतून मुली मिरवणुकीत पुढे आल्या आहेत. पावतीपुस्तक मात्र अजून मुलांच्याच हातात असते.

नोंदणी : काही मंडळे कर्नाटक संस्था नोंदणी अधिनियम, १९६० खाली नोंदलेली आहेत, काही १९७२ मध्ये सुरू झालेल्या नेहरू युवा केंद्राशी (आता ‘मेरा युवा भारत’) संलग्न. बहुसंख्य मंडळे नोंदणीविना, फलकावरच्या नावावर चालतात.