नैसर्गिक संसाधने आणि त्यांचे वर्गीकरण

निसर्गात असलेली आणि माणसाच्या उपयोगी पडणारी वस्तू किंवा शक्ती म्हणजे नैसर्गिक संसाधन. यातला 'उपयोगी पडणारी' हा भाग महत्त्वाचा. मुंबई हायचे खनिज तेल कोट्यवधी वर्षे समुद्रतळाखाली होतेच, पण संसाधनांत त्याची गणना होऊ लागली ती १९७४ मध्ये ते सापडल्यावर.

उगमानुसार जैविक (वने, मासे) आणि अजैविक (हवा, पाणी, खनिजे) असे दोन गट पडतात. दगडी कोळसा मूळचा वनस्पतींचा, त्यामुळे कोणी तो जैविकात घालतात, कोणी अजैविकात.

जास्त वापरात असलेली विभागणी नवीकरणीय आणि अनवीकरणीय अशी. ऊन, वारा कितीही वापरला तरी सरत नाही. चंद्रपूरचा कोळसा किंवा भंडाऱ्याचे मँगनीज उपसले की संपले. घोळ होतो तो मधल्या मंडळींचा: जंगल, मासळी, माती, भूजल. ही भरून येतात, पण आपल्या चालीने. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग बेसाल्टचा, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकाचा आहे. विहीर खणताना वरची माती गेली की मुरूम लागतो, मग कातळ. पावसाचे पाणी मुरते ते मुरमात आणि कातळाच्या भेगांत. विहीर पावसाळ्यात भरते, वैशाखात तळ दाखवते. त्याच शिवारात शेकडो फूट खाली गेलेल्या बोअरचे पाणी मात्र एवढ्या लवकर भरून येत नाही. पाठ्यपुस्तकात दोन्ही नवीकरणीय, व्यवहारात दुसरे जवळजवळ खाणीतल्या मालासारखे.

तिसरी कसोटी विकासाच्या टप्प्याची. जमिनीत खनिज किती आहे हा एक आकडा, आणि त्यातले आजच्या तंत्राने व भावाने काढणे परवडेल असे किती, हा दुसरा. या दुसऱ्यालाच 'साठा' म्हणतात. गोव्यात कमी प्रतीचे लोहखनिज टाकाऊ म्हणून खाणींशेजारी रचून ठेवलेले असे. २००० नंतर चीनची मागणी वाढली आणि तेच ढीग बार्जमध्ये (सपाट तळाच्या मालवाहू होड्यांत) भरून निर्यात होऊ लागले. माल तोच, वर्ग बदलला.

मालकीनुसार खासगी, सामूहिक, राष्ट्रीय असेही प्रकार करतात. इथेही पाणी अडचणीचेच: नदीतले पाणी सार्वजनिक, पण १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार (दुसऱ्याच्या जमिनीतून वाट, पाणी वगैरे मिळण्याचा हक्क) कायद्यापासून जमिनीखालचे पाणी उपसण्याचा हक्क जमीनमालकाचा मानला जात आला आहे.