चायनीज सिम्बिडियम आणि त्यांच्या उंच कुंड्या : मागचा इतिहास

चायनीज सिम्बिडियम या ऑर्किडचे फोटो पाहिले की बऱ्याच जणांची नजर आधी कुंडीवरच जाते, एवढी उंच आणि अरुंद का, खाली तीन पाय कशाला, आणि आत बारीक लांब पानं नि एखादंच हिरवट फूल. बुकेमधली मोठ्या गुलाबी-पिवळ्या फुलांची सिम्बिडियम डोळ्यासमोर असतील तर हे झाड साधंच वाटणार. पण ती मोठी फुलं म्हणजे हिमालय आणि ब्रह्मदेशाकडच्या जातींचे संकर, त्यातला पहिला इंग्लंडच्या व्हीच नर्सरीचा, १८८९ मध्ये फुललेला. चीनमधला हा शौक त्याच्या सहा-साडेसहाशे वर्षं आधी पुस्तकात लिहिला गेला होता, आणि कुंडी त्यात पहिल्यापासून आहे.

चीनमध्ये मान असलेल्या मुख्य जाती पाच आणि त्या जमिनीवर वाढतात. गोअरिंगी वसंतात फुलते, दांड्यावर बहुतेक एकच फूल. फॅबेरीच्या एका दांड्यावर पुष्कळ फुलं. एन्सिफोलियम उन्हाळ्यापासून पुढे पुन्हा पुन्हा फुलते, कानरान थंडीच्या तोंडाशी आणि सायनेन्स चिनी नववर्षाच्या आसपास. जंगलात ही झाडं डोंगरउतारावर कुजलेल्या पानांच्या भुसभुशीत थरात असतात, पाणी पडतं आणि वाहून जातं. मुळं जाड, मांसल, फारशी न फुटणारी, सरळ खाली जाणारी, आणि त्यांच्यावर पाणी पटकन ओढून घेणारं स्पंजी आवरण असतं, पण तेच सतत ओलं राहिलं की मूळ कुजतं. कुंडी उंच ती यासाठी, भोक मोठं आणि पाय आहेत ते खालून हवा खेळावी म्हणून. शोभेचा विचार नंतर आला.

कन्फ्युशियसच्या काळापासूनची परंपरा असं सगळीकडे सांगतात, पण तेव्हाच्या ग्रंथांतली सुगंधी वनस्पती ऑर्किड नसून दुसरंच झुडूप असावं असं अनेक अभ्यासकांचं मत आहे. पक्की जमीन लागते ती सोंग राजवटीच्या काळात (९६०–१२७९). कवी ह्वांग तिंगच्येन (१०४५–११०५) याने एका दांड्याला एक फूल आणि भरपूर वास असलेली वेगळी, पाच-सात फुलं आणि कमी वास असलेली वेगळी, असा फरक नोंदवला, तो आजही धरतात. मग १२३३ मध्ये आग्नेय चीनच्या फूज्यान प्रांतातल्या झांगझोऊच्या ऑर्किडांवर झाओ शिगेंगने छोटासा ग्रंथ लिहिला, आणि १२४७ मध्ये वांग ग्वीश्वेने दुसरा. झाओचं लिखाण मला फार आवडतं कारण तो हाताने काम केलेला माणूस वाटतो. कुठली जात वरची कुठली खालची हे सांगतोच, पण पाणी कसं द्यायचं, वाळू आधीच कशी तयार ठेवायची तेही सांगतो, आणि गड्डा वेगळा करायचा असेल तर कुंडी हलक्या हाताने फोडायची नि एकमेकांत गुंतलेली मुळं सावकाश सोडवायची असं लिहितो. म्हणजे तेव्हा कुंडी फोडायची वस्तू होती, झाड जपायचं होतं.

मंगोलांनी सोंग राज्य बुडवल्यावर झेंग सीशियाओ (१२४१–१३१८) हा चित्रकार मातीशिवायची ऑर्किड काढू लागला, मातीच परक्यांनी नेली तर ती दाखवायची कशी, असं त्याने म्हटल्याचं सांगतात. त्याचं १३०६ चं शाईचं चित्र ओसाकाच्या संग्रहालयात आहे. प्लम, बांबू, शेवंतीबरोबर ऑर्किड हे सज्जन माणसाचं प्रतीक ठरलं, आणि विद्वानाच्या टेबलावर कुंडी ठेवणं ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली.

चिंग राजवटीच्या काळात (१६४४–१९१२), विशेषतः अठराव्या शतकात, निवडीचे नियम आणखी बारीक झाले. पाकळ्या आखूड आणि गोल असतील तर प्लम प्रकार, रुंद असतील तर कमळ प्रकार, आणि तिसरा नार्सिसस प्रकार. शाओशिंगमध्ये चिएनलुंग बादशहाच्या काळात 'सोंग मेई' नावाचं गोअरिंगी सापडलं, आणि इथेच या सगळ्या इतिहासातली सगळ्यात भारी गोष्ट आहे असं मला वाटतं. ऑर्किडचं बी धुळीइतकं बारीक असतं, योग्य बुरशी भेटल्याशिवाय जंगलात रुजत नाही, आणि बियांपासून आईसारखंच फूल मिळेल याची खात्री नाही, त्यामुळे हे झाड गड्डे वेगळे करूनच वाढवत आले. म्हणजे आज कुणाकडे अस्सल सोंग मेई असेल तर ते तेव्हाचंच झाड आहे, दोनशेहून जास्त वर्षं एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत, एका माणसाकडून दुसऱ्याकडे गेलेलं.

आता कुंड्यांचं. रोजच्या वाढीसाठी पूर्व चीनच्या जियांगसू-झेजियांग प्रांतांकडचे लोक कमी भाजलेली, करड्या मातीची साधी कुंडी वापरायचे, ती स्वस्त आणि भरपूर श्वास घेणारी. फूल आलं की झाड पाहुण्यांसमोर मांडायला चांगल्या कुंडीत जायचं, आणि त्यात जियांगसूतल्या यीशिंग गावच्या झिशा म्हणजे जांभळट मातीचं नाव मोठं. मिंग राजवटीच्या काळात (१३६८–१६४४) चहाच्या किटल्यांमुळे यीशिंग गाजलं, त्याच मातीच्या कुंड्याही बनू लागल्या. तिथली खासियत म्हणजे चाक न वापरता मातीचा गोळा लाकडी थापीने बडवून पातळ पत्रा करायचा, पट्ट्या कापायच्या आणि जोडायच्या, म्हणून चौकोनी, षटकोनी कुंड्याही नीट जमतात. ग्लेझ म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप नसतो, भाजल्यावरही भिंतीत बारीक छिद्रं राहतात. नवी कुंडी आधी पाण्यात चांगली भिजवून मगच लावतात, नाहीतर कोरडी भिंतच मुळांचं पाणी ओढून घेते.

जपानने हा शौक उचलला आणि कुंडी स्वतःची केली. तिथली काळी राकू कुंडी बाहेरून चकचकीत, कड रुंद, तीन पाय, पण भाजलेली कमी तापमानाला, आणि काळ्या रंगामुळे ऊन पडलं की लवकर तापणारी. चीनमधून तिथे गेलेलं फ्लोरिबंडम नावाचं सिम्बिडियम तर मधमाशीपालकांनीही उचललं, कारण त्याच्या फुलाच्या वासाने जपानी मधमाशांचे अख्खे थवे येतात, म्हणून कुंडी रिकाम्या पेटीजवळ ठेवतात. ही मधमाशी आपल्या सातेरीच्याच जातीची.

युरोपात लिनियसने एन्सिफोलियमची नोंद १७५३ मध्येच केली होती आणि १७७८ च्या सुमारास जिवंत रोप इंग्लंडला पोचलं, पण तिथे वासापेक्षा आकाराला भाव होता, त्यामुळे ते मागेच राहिलं.

विसाव्या शतकात चिनी कम्युनिस्ट सेनानी मार्शल झू दे स्वतः ऑर्किड वाढवायचे आणि त्यावर कविता लिहायचे. जपानी नेते मात्सुमुरा केन्झो यांनाही तोच नाद, आणि दोन देशांत राजनैतिक संबंध नसतानाच्या काळात, १९६० च्या दशकात, त्यांच्यात रोपांची देवाणघेवाण झाली. मग चीनमध्ये माओची सांस्कृतिक क्रांती (१९६६–७६) आली, कुंडीतली फुलं हा भांडवलदारी शौक ठरला, किती जुने संग्रह गेले याचं फार वाईट वाटतं. जपानमध्ये आधीच गेलेले गड्डे होते म्हणून पुढे अनेक जुन्या जाती तिकडून परत चीनमध्ये आल्या. त्यानंतर वेगळंच संकट, २००० नंतरच्या दशकात एकेका दुर्मिळ रोपाला लाखो युआन मिळू लागले, लोक डोंगर खणू लागले, आणि भाव कोसळला तेव्हा उतार रिकामे झालेले होते. २०२१ मध्ये चीनने जंगली सिम्बिडियमच्या जवळजवळ सगळ्या जाती राष्ट्रीय संरक्षित यादीत घेतल्या.

आपल्या कोकणात आणि गोव्यात झाडांवर वाढणारं अलोइफोलियम सिम्बिडियम असतं, त्याला मात्र ही उंच कुंडी देऊ नका, त्याचे फुलांचे दांडे खाली लोंबतात, टांगती टोपली आणि आत कोळसा, नारळाच्या सोडणाचे तुकडे हेच बरं. चायनीज जातींपैकी एन्सिफोलियम आणि सायनेन्स आपल्या हवेत त्यातल्या त्यात सोसतात, गोअरिंगीला मात्र थंडी मिळाली नाही तर फूल येत नाही. आणि यीशिंगची कुंडी नाही मिळाली तरी अडत नाही, ओळखीच्या कुंभाराला सांगून बिनरंगाची लाल मातीची कुंडी करून घ्या, उंची रुंदीच्या साधारण दीडपट आणि खाली बोट आरपार जाईल एवढं भोक.