बिगर-सायन्स विद्यार्थ्यांसाठी विज्ञानाचे कोर्स

कला, वाणिज्य, कायदा वगैरे शाखांच्या कॉलेज विद्यार्थ्यांना शिकवायचं विज्ञान. अमेरिकेत अशा कोर्सला 'कवींसाठी फिजिक्स' हे टोपणनाव पडलंय.

सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. काहीजण थेट 1825 पर्यंत मागे जातात, तेव्हा लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ख्रिसमस व्याख्यानं सुरू झाली आणि पुढे फॅरडेने मेणबत्तीवरची प्रसिद्ध व्याख्यानं दिली, पण ती मुलांसाठी होती, त्यांना कॉलेजचा कोर्स म्हणणं जरा ताणल्यासारखं होतं. त्यापेक्षा 1940 च्या दशकातलं अमेरिकेतलं हार्वर्ड विद्यापीठ धरणं जास्त पटतं. तिथले अध्यक्ष जेम्स कोनंट स्वतः केमिस्ट, आणि त्यांचं म्हणणं असं की निष्कर्षांची यादी देण्यापेक्षा एखादा शोध कसकसा लागत गेला ते मुळापासून दाखवा. त्यांचं आवडतं उदाहरण हवेच्या दाबाचं: टॉरिचेलीची पाऱ्याची नळी (तिच्यात हवेच्या दाबाने पारा उभा राहतो), मग 1648 मध्ये पास्कलच्या मेव्हण्याने तशी नळी डोंगरमाथ्यावर नेऊन पाहिलं तर पारा सुमारे 8 सेंमी खाली, कारण वर हवेचा दाब कमी, मग बॉइलचा हवा काढून घेणारा पंप. याच कोर्सच्या तयारीत पुढे विज्ञानाचा तत्त्वज्ञ म्हणून गाजलेला थॉमस कून तरुणपणी मदतीला होता आणि तिथूनच तो विज्ञानाच्या इतिहासाकडे वळला.

सायन्सवाल्यांचाच सिलॅबस गणित काढून पातळ करून द्यायचा, हा दुसरा मार्ग. तो सोयीचा आहे खरा, पण त्यात विद्यार्थ्याच्या हाती नुसत्या व्याख्या उरतात, म्हणून कोनंटची वाटच बरी वाटते. फॅरडेची मेणबत्ती मात्र आजही वर्गात चालते. ज्योत फुंकून विझवा आणि वातीतून वर येणाऱ्या पांढऱ्या धुराच्या रेषेला पेटती काडी लावा, ज्योत धुरातून खाली उडी मारून परत वातीवर बसते! तेव्हा जळते ती मेणाची वाफ, हे न सांगता कळतं, आणि 'मला सायन्स जमत नाही' म्हणणारा विद्यार्थीही आपणहून विचारतो की मग वात कशाला लागते.

1991 पासून एरिक माझूरने हार्वर्डच्याच फिजिक्सच्या वर्गात आणलेली पद्धतही अशा कोर्समध्ये घेतात: प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने उत्तर नोंदवायचं, शेजाऱ्याशी वाद घालायचा, मग पुन्हा नोंदवायचं. मोठ्या वर्गातही जमतं.

परीक्षेत सूत्रं विचारण्याऐवजी बातमीतला एखादा दावा तपासायला देतात.